ऐंशी हजार किंवा सहा वर्षं

चांगला उजेड देणारा बल्ब काढून त्या जागी नवा बल्ब लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, स्टुलावर उभे राहून गांगुर्डे काका तो बल्ब काढत होते. बल्ब तापलेला होता, म्हणून हाताला रुमाल गुंडाळला होता.

"गेलाय का, काका?" मी खालून विचारलं.

"नाही."

"मग?"

"मुदत संपली त्याची. आज."

ही आमची पहिली भेट. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या या सोसायटीत मी त्याच आठवड्यात राहायला आलो होतो. काकांनी तो बल्ब माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "घे. निवृत्त झालाय, पण तसा धडधाकट आहे. संडासात लाव." याला नऊ वर्षं झाली. तो बल्ब आमच्या संडासात अजून लागतो. जिन्यातल्या त्याच्या जागेवरचे चार बल्ब मात्र तेवढ्या काळात निवृत्त झाले.

रंगनाथ गांगुर्डे हे अंबडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेन्टेनन्स खात्यात होते. शेवटची सोळा वर्षं फोरमन. मशीन बंद पडल्यावर धावपळ करणाऱ्या माणसाबद्दल त्यांना आदर नाही. मशीन बंद पडूच कसं दिलं, हा त्यांचा प्रश्न असतो. आणि या प्रश्नाचं त्यांचं उत्तर एका वाक्यात आहे. ते वाक्य आमच्या सोसायटीतल्या लहान मुलांनाही पाठ आहे: "किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी येईल ते."

हे वाक्य मुळात गाडीच्या पुस्तिकेतलं. पण काकांनी ते सगळ्या संसाराला लावलं. चपला: पाचशे किलोमीटर किंवा एक वर्ष. दात घासायचा ब्रश, उशी, गॅसची नळी, कुकरची रिंग, चष्म्याची दोरी, सगळ्यांना मुदत. प्रत्येक वस्तूच्या पाठीमागे लाल रंगात तारीख टाकलेली. त्यांच्याकडे चहाला गेलो की कपाच्या बुडाकडे बघायची मला सवय लागली आहे.

"एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला," काकू एकदा म्हणाल्या, "मला अजून बदललं नाही, हेच नशीब."

काकांनी ते हसण्यावारी नेलं नाही. जरा विचार करून म्हणाले, "तुझ्याबरोबर पुस्तिका आली नव्हती."

मुदत संपलेल्या वस्तू काका फेकत नाहीत, वाटतात. त्यामुळे आमची निम्मी सोसायटी त्यांच्या निवृत्त मालावर चालते. माझ्या हॉलमधला पंखा त्यांचाच. आठ वर्षांपूर्वी त्यांनी तो सेवामुक्त केला आणि तेव्हापासून तो माझ्याकडे गरगर फिरतो आहे, कुरकुर नाही की आवाज नाही. पण काका घरी आले की आधी वर बघतात आणि पंख्याखालची खुर्ची सोडून कोपऱ्यातल्या मोड्यावर बसतात. वरून पंखा वाऱ्यावर वारा सोडत असतो आणि काका खाली घाम पुसत असतात.

या सगळ्या कारभाराचं एक रजिस्टर आहे. लाल कापडी पाठीचं, लांबडं. वस्तू, बसवल्याची तारीख, मुदत, काम करणारा, तपासणारा असे रकाने. कारखान्यातली पद्धत. काम एकाने करायचं आणि तपासायचं दुसऱ्याने, दोन सह्या झाल्याशिवाय काम पुरं नाही. आणि कामापुढे एकदा ज्याचं नाव शाईने लिहिलं, त्यानेच ते करायचं. एकदा एका बेअरिंगपुढे एका फिटरचं नाव होतं आणि नेमकी त्याच दिवशी त्याची हळद होती. काकांनी निरोप धाडला. गडी पिवळ्या हातांनी आला, बेअरिंग बदललं आणि परत जाऊन पाटावर बसला.

"दुसऱ्या कोणी केलं नसतं का?" मी विचारलं.

"केलं असतं. पण मग नाव खोडावं लागलं असतं," काका म्हणाले. "एकतीस वर्षांत मी एक नाव खोडलेलं नाही."

अशा माणसाचं आणि सोसायटीच्या कमिटीचं पटणं कठीणच. आमचे चेअरमन देवरे. त्यांचं धोरण दोन शब्दांत सांगता येतं: "चालतंय ना?" लिफ्ट धक्के देते, पण चालतेय ना? गेट कण्हतं, पण उघडतंय ना? या धोरणावर ते सलग तीनदा निवडून आलेत, कारण आम्हा सगळ्यांचं मनातलं धोरण तेच आहे. वार्षिक सभेत काका उभे राहिले आणि म्हणाले, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग बदला, मुदत झाली.

"चालतोय ना पंप?" देवरे म्हणाले.

"चालतोय म्हणूनच आत्ता बदलायचं."

सभा पोट धरून हसली. मीही हसलो. पुढे देवऱ्यांच्या मुलाच्या लग्नाच्या दिवशी, सकाळी साडेसात वाजता, घरात साठ पाहुणे असताना पंप बसला. काका फक्त रजिस्टर उघडून, त्या पानात बोट घालून, देवऱ्यांच्या दारासमोरून दोनदा गेले. तेव्हापासून देवरे संधीची वाट बघत होते.

ती संधी त्यांना काकांच्या गाडीने दिली.

काकांची गाडी म्हणजे तेरा-चौदा वर्षांची पांढरी, छोटी, डिझेलवरची. तिच्या टायमिंग बेल्टवर त्यांनी मला मागे एकदा पार्किंगमध्ये तासभर शिकवणी दिली होती. इंजिनात वर एक दांडा फिरतो, खाली एक. दोघांना एका तालात ठेवतो तो हा रबरी पट्टा, आतून दाते असलेला. तो तुटला की वरचे व्हॉल्व्ह खालून येणाऱ्या पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाचा निकाल लागतो.

"आधी काही आवाज वगैरे येत असेल ना?"

"हीच तर गंमत आहे, विजय. बाकी सगळं बोलतं. ब्रेक ओरडतो, क्लच रडतो. बेल्ट एक शब्द बोलत नाही. सकाळी असतो, दुपारी नसतो."

"मग बदलायचा कधी, हे कळणार कसं?"

"पुस्तिकेत दिलंय. ऐंशी हजार किलोमीटर किंवा सहा वर्षं, जे आधी येईल ते. त्यात आपली अक्कल चालवायची नाही."

तर गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. काकांनी बॅटरी चार्ज करायला बॉनेट उघडं ठेवलं होतं. देवरे तिथून जाताना सहज डोकावले. आत मेकॅनिकने चिकटवलेला एक स्टिकर होता, त्यावर बेल्ट बदलल्याची तारीख. देवऱ्यांनी ती वाचली. मग चष्मा लावून पुन्हा वाचली. मग फोटो काढला. सात वर्षं होऊन वर तीन महिने झाले होते.

दुपारपर्यंत फोटो सोसायटीच्या ग्रुपवर, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. आमच्या ग्रुपवर बेल्ट या विषयाचे एवढे जाणकार आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. एकाच्या मेहुण्याने मालेगावला तोच बेल्ट दोन लाख किलोमीटर चालवला होता. एकाने बेल्टवर तेल सोडायचा सल्ला दिला. एकाने गाडीच विकून इलेक्ट्रिक घ्या म्हटलं. तळमजल्यावरच्या आजींनी नेहमीप्रमाणे फुलांचा गुच्छ पाठवला. शेवटी देवऱ्यांनी मतदान ठेवलं: काकांनी बेल्ट बदलावा का? चौतीस घरांपैकी एकतीस घरांनी होय म्हटलं. आमच्या सोसायटीत इतकं एकमत आजवर कशावरच झालेलं नव्हतं.

काकांनी एकच ओळ लिहिली. "किलोमीटर झालेले नाहीत. एकोणतीस हजारच झालेत."

ती ओळ वाचून मी चमकलो. वाक्य अर्धंच होतं. वर्षांचं काय, हे काकांनी लिहिलंच नव्हतं.

मग माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. गाडी हलतच नव्हती. काका बाजारात रिक्षाने जात. डॉक्टरकडे सिटी बसने जात. परवा परवा तर माझ्या स्कूटरवर मागे बसून शालिमारपर्यंत आले. त्या स्कूटरचं सर्व्हिसिंग चार महिने रखडलंय, हे त्यांना पक्कं माहीत होतं. वाटेत दर सिग्नलला खाली उतरून मागचं चाक बघायचे, पण बसायचे.

आणि गाडी? ती रोज पुसून लख्ख. रविवारी सकाळी नऊला काकांची हाक यायची, "विजय, ये रे." मी आणि वॉचमन मागून ढकलायचो. काका खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरायचे. गाडी दहा फूट पुढे, मग दहा फूट मागे. टायर एका जागी बसून राहिले तर चपटे होतात, म्हणून. इंजिन चालू करायचं नाही. "किल्ली फिरवली की बेल्ट फिरतो," काका म्हणायचे.

"साहेब, गाडीला लय जपता," वॉचमन एकदा घाम पुसत म्हणाला. "बसत मात्र नाय कोणी तिच्यात."

काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की पुढचा रविवार तो रजेवर होता.

सोसायटीत तर्क सुरू झाले. देवरे म्हणाले, परवडत नसेल. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याचा हात थरथरतो, गाडीची भीती बसली असेल. लोकांना उपदेश करणारा स्वतःच्या घरात कसा उघडा पडतो, याचा सगळ्यांना मनापासून आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू, मलाही झाला होता. नऊ वर्षं माझ्या स्कूटरवरून बोलणी खाल्ली होती मी.

एका रविवारी त्यांचा पेचकस परत द्यायला गेलो. काका गॅलरीत फोनवर होते. दर रविवारी साडेदहाला स्नेहलचा फोन असतो. स्नेहल म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, हैदराबादला नोकरी करते. बोलणं मला ऐकू येत होतं. "हो. सगळं ठीक. आई ठीक. गाडी ठीक. तू जेवलीस का?" चार मिनिटांत फोन संपला आणि काका तसेच गॅलरीत उभे राहिले.

काकूंनी हळूच रजिस्टर काढलं आणि एक पान माझ्यासमोर धरलं. टायमिंग बेल्ट, दुसरा. मुदत, तारीख. काम करणारा: स्नेहल. तपासणाऱ्याचा रकाना अजून कोरा.

पहिला बेल्ट बदलला तेव्हा स्नेहल इंजिनिअरिंगला होती, इथेच. द्वारका चौकाजवळ सलीम मिस्त्रींचं गॅरेज आहे, तिथे बापलेकींनी मिळून दिवसभर ते काम केलं. काका पाना फिरवत होते आणि ती उजेडासाठी बॅटरी धरून उभी. मला ती संध्याकाळ आठवते. जिन्यात जो भेटेल त्याला ती आपले काळे हात दाखवत होती. घरी येऊन तिने रजिस्टर पुढे ओढलं आणि म्हणाली, "पुढचा बेल्ट मी बदलणार, बाबा. तुम्ही नुसती बॅटरी धरायची. लिहा. शाईने लिहा."

"लिहिलं," काकू म्हणाल्या. "आता मुदत संपून सव्वा वर्ष झालं. ती दिवाळीला दोन दिवस येते. या दिवाळीला यांनी सगळे पाने-बिने पुसून गॅलरीत मांडून ठेवले होते. ती अर्धा वेळ झोपली, अर्धा वेळ लॅपटॉपवर. म्हणाले, पोरगी दमून आलीय. आणि उचलून ठेवले."

"मग तुम्ही सांगा ना तिला."

"म्हटलं ना मी. तर म्हणतात, रबरी पट्ट्यासाठी विमानाने पोरगी बोलवायची का? आणि सांगून आली, तर ते काय येणं?" काकूंनी रजिस्टर मिटलं. "म्हणून गाडी उभी करून ठेवलीय. नाव खोडवत नाही आणि बेल्ट फिरवायची हिंमत नाही."

मी पेचकस टेबलावर ठेवून खाली आलो. ग्रुपवर मीही एक हसरा चेहरा टाकला होता. तो पुसायला गेलो, पण उशीर झाला होता. मग पुढच्या रविवारी गाडी जरा जोर लावून ढकलली. माझ्याच्याने तेवढंच होण्यासारखं होतं.

थंडी सरता सरता स्नेहलचा मधल्या वारी फोन आला. ऑफिसच्या कामाला मुंबईला येते आहे, शुक्रवारी काम संपेल, शनिवारी सकाळी टॅक्सी करून नाशिकला येते, रविवारी संध्याकाळी परत. काकांच्या तोंडून निघून गेलं, "टॅक्सी कशाला? मी येतो ना गाडी घेऊन." फोन ठेवला आणि मग काका खाली बसले.

त्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले. वर बघितलं, मोड्यावर बसले.

"विजय, येताना घाट आहे. आणि गाडीत ती असणार."

"हो."

"बेल्ट जुना आहे."

"मग बदलून घ्या ना, काका. दोन दिवस आहेत अजून."

"तिचं नाव आहे रे त्याच्यापुढे."

"ती काही म्हणणार नाही, काका."

"नाहीच म्हणणार," ते म्हणाले. "तिला आठवणारसुद्धा नाही. तेच तर." मग म्हणाले, "तू काय केलं असतंस?"

"मी? मी तसाच गेलो असतो."

"हं. तुला विचारायलाच नको होतं." आणि उठून गेले. पण दारातून वळले, पंख्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हा बदल लेका आता."

गुरुवारी सकाळी आठला दार वाजलं. काका कारखान्याच्या वेळचा निळा शर्ट घालून उभे. खिशावरचं नाव धुऊन धुऊन पुसट झालेलं.

"रजा टाक. बॅटरी धरायला माणूस पाहिजे."

गॅरेज सहा-सात किलोमीटर. तेवढंसुद्धा त्या बेल्टवर जायला काका तयार नव्हते. दीड वर्ष न तुटलेला बेल्ट आजच तुटेल का, असं मी विचारलं. "तुटेपर्यंत कोणालाच माहीत नसतं," हे उत्तर मिळालं. शेवटी देवरेच खाली आले. त्यांना काकूंनी काय सांगितलं होतं कोण जाणे, पण ते नेहमीसारखं बोलले नाहीत. आपली मोठी गाडी पुढे घेतली, दोर बांधला आणि आमची मिरवणूक सर्व्हिस रोडने द्वारकेकडे निघाली. देवरे पुढे, मागे दोराला बांधलेले काका आणि मी. मुंबई नाक्यापाशी एक रिक्षावाला ओरडला, "काका, बंद पडली का?" काकांना ते फार लागलं. "बंद पडली नाही! बंद ठेवलीय!" त्यांनी खिडकीतून डोकं काढून सांगितलं, तोवर रिक्षा निघून गेली होती.

सलीम मिस्त्री दारातच उभे होते. "या साहेब, या. किती दिवस वाट बघतोय मी तुमची. बेटी नाही आली?"

"ऑफिस आहे तिला."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. काकांनी बाह्या सरसावल्या. अडुसष्टाव्या वर्षी एवढं वाकून काम करणं सोपं नव्हतं. एक बोल्ट काही केल्या सुटेना. मिस्त्री म्हणाले, "मी जरा चहाचं बघतो," आणि पाठ करून उभे राहिले. काकांनी आपल्या वेळेने तो बोल्ट सोडवला. मग मिस्त्री वळले. चहा मागवलेलाच नव्हता.

बॅटरी धरणं हे काम मला वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. "हलवू नको. तिथे नाही, खाली. विजय, उजेड बोटांवर नको, बोल्टवर पाहिजे." दर दोन मिनिटांनी सूचना. मग काका इंजिनात डोकं खुपसूनच म्हणाले, "स्नेहल दीड-दीड तास धरायची. हात हलायचा नाही तिचा."

जुना बेल्ट निघाला. मिस्त्रींनी तो वाकवून, उलटा करून, दात्यांवरून अंगठा फिरवून बघितला. "साहेब, खरं सांगू? एकदम टकाटक आहे. अजून दोन वर्षं सहज गेला असता."

"गेला असता," काका म्हणाले. "तिला बसवून नाही."

काम झाल्यावर काकांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग पट्टी मागितली. मिस्त्रींकडे पट्टी नव्हती, म्हणून पोस्टकार्डाएवढ्या एका बिलाची कड लावून त्यांनी स्नेहलच्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि वर आपलं नाव लिहिलं. एकतीस वर्षांत एक नाव न खोडणारा माणूस तो. मी बॅटरी बंद केली आणि रस्त्याकडे बघत राहिलो. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

"तपासणाऱ्याच्या रकान्यात तुमचीच सही करून टाका," मी थोड्या वेळाने म्हटलं.

"करणारा आणि तपासणारा एकच माणूस चालत नाही," काका म्हणाले आणि तो रकाना कोरा ठेवला.

शनिवारी ते मुंबईहून तिला घेऊन आले. घाट चढताना गाडी कशी पाण्यासारखी आली, हे काकूंकडून कळलं. रविवारी चारच्या सुमारास मी त्यांची बॅटरी परत द्यायला गेलो. स्नेहलची बॅग दारात भरून ठेवलेली आणि स्नेहल पलंगावर, मांडीवर रजिस्टर. ते रजिस्टर काकूंनी तिच्या कपड्यांवर "चुकून" ठेवलं होतं.

"बाबा, माझं नाव खोडलंत?"

"काम निकडीचं होतं."

"मला सांगायचं ना."

"तू कामात होतीस."

त्या खोडलेल्या नावावरून तिने बोट फिरवलं. मग उठली, रजिस्टर काखेत मारलं, माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि जिना उतरून गेली. आम्ही तिघं तिच्या मागे. तिने बॉनेट उघडलं, कव्हरचे दोन बोल्ट सोडवले, आत उजेड टाकला आणि खरोखरीच तपासलं. ताण बघितला, खुणा जुळतात का बघितलं, एका ठिकाणी काकांना विचारलंही, "हा इतका घट्ट ठीक आहे?" गेटवर तिला न्यायला आलेला टॅक्सीवाला दोनदा हॉर्न वाजवून थांबला. अर्ध्या तासाने ती बाहेर आली तेव्हा तिचे हात काळे झाले होते. तिने तसेच रजिस्टरात तपासणाऱ्याच्या रकान्यात सही केली. पानावर अंगठाही उमटला.

"पुढचा मी," ती म्हणाली. "लिहा. शाईने. यावेळी खरंच. कधी येतोय पुढचा?"

काकांनी पेनाचं टोपण काढलं. "ऐंशी हजार किलोमीटर किंवा सहा वर्षं," ते म्हणाले, "जे आधी येईल ते."

दीड वर्षात पहिल्यांदा मी ते वाक्य पुरं ऐकलं.

"सहा वर्षं!" स्नेहल हसली. तिने काकूंना मिठी मारली, काकांच्या निळ्या शर्टाला हात पुसले आणि टॅक्सीत बसली. काका गेटपाशी उभे होते. ते हसले नाहीत, काहीतरी हिशेब करत होते.

पुढच्या रविवारी सवयीने नऊला खाली गेलो. गाडी नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हती. सोमवारी नव्हती, मंगळवारी नव्हती. काका कांदे आणायला विंचूरला गेले होते. कांदे आमच्या कोपऱ्यावर मिळतात. नागलीचं पीठ आणायला ते सुरगाण्याला गेले. काकूंना घेऊन येवल्याला पैठण्या बघायला गेले, आणि काकू म्हणाल्या, खरंच नुसत्या बघून आलो. देवऱ्यांच्या सासूबाईंना सटाण्याला सोडून आले, न मागता. ग्रुपवर पुन्हा तर्क सुरू झाले. देवरे म्हणाले, म्हाताऱ्याला पंख फुटलेत.

काल सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. स्कूटर चालू होईना. काका गाडी पुसत होते. "चल, सोडतो."

माझं ऑफिस कॉलेज रोडला. काकांनी गाडी गंगापूर धरणाकडे घातली.

"काका, हा रस्ता लांबचा आहे."

"माहीत आहे."

गाडी छान पळत होती. दर थोड्या वेळाने ते समोरच्या आकड्याकडे बघत होते. एका ठिकाणी कडेला थांबून खिशातल्या डायरीत त्यांनी तो आकडा लिहिला.

"दीड महिन्यात एकवीसशे झाले," ते म्हणाले. "या वेगाने पावणेपाच वर्षं. पण रोज शंभर केले ना, तर सव्वादोन वर्षांत ऐंशी हजार."

मी त्यांच्याकडे बघितलं. दीड वर्ष हा माणूस एकेक किलोमीटर वाचवत बसला होता, तिच्यासाठी. आता दोन्ही हातांनी उधळत सुटला होता, तेही तिच्यासाठीच. घड्याळात बघितलं, दहाला पाच कमी होते.

"काका," मी म्हटलं, "इतके आलोच आहोत, तर त्र्यंबकला जाऊ या का? चहा घेऊन परत."

"आणि तुझं ऑफिस?"

"ऑफिस चालतंय."

काकांनी इंडिकेटर दिला.